सतरा नंबरची नळी

कॉलेजची तपासणी करणारी कमिटी अकरा वाजता येणार होती. सव्वादहाला प्राचार्य आप्पासाहेब सूक्ष्मजीवशास्त्र विभागाच्या दारात उभे राहिले आणि आत न येताच म्हणाले, "संगमेश्वर, काचेवर एक डाग दिसला न्हाई पायजे. काय?"

"दिसणार न्हाई, सर."

हे सांगायची तशी गरज नव्हती. लातूरच्या त्या कॉलेजात संगमेश्वर सव्वीस वर्षं प्रयोगशाळा परिचर होता. त्यानं घासलेल्या नळीतून पलीकडच्या पेपरातली बारीक अक्षरं वाचता येतात, असं सगळे म्हणत, आणि हे खरं आहे की नाही ते त्यानं एकदा दार लावून पाहिलंही होतं. वाचता आली होती.

त्या दिवशी त्यानं स्पिरिटची बाटली आणि कापसाचा मोठा बोळा घेतला. खिडक्या झाल्या, सूक्ष्मदर्शक झाले, कपाटांच्या काचा झाल्या. तरी वीस मिनिटं उरली. मग त्याची नजर दामिनी मॅडमच्या स्टँडकडे गेली.

स्टँडमध्ये चोवीस नळ्या होत्या. प्रत्येकीत तिरकं गोठवलेलं, जेलीसारखं अन्न आणि त्यावर जांभळ्या रंगाची साय. वांग्याच्या फुलाचा जांभळा नव्हे. जुन्या इरकली लुगड्याचा, काळपटाकडे झुकणारा, ओला जांभळा. ते सगळे जिवंत जंतू होते. दामिनी मॅडम मूळच्या नांदेडच्या, वयानं तिशीच्या. नांदेड आणि लातूर जिल्ह्यातल्या विहिरींतून, ओढ्यांतून आणि शेतांतून दोन वर्षं वणवण करून त्यांनी हे जंतू गोळा केले होते, आणि त्यांची जातवारी लावण्यावर त्यांची पीएचडी अडून होती. नळ्यांवर पूर्वी कागदी चिठ्ठ्या असत. फ्रिजच्या ओलीनं त्या सुटायला लागल्या, म्हणून मॅडमनी मागच्याच आठवड्यात मार्करनं थेट काचेवर लिहिलं होतं : कि-३ म्हणजे किल्लारी, बि-७ म्हणजे बिलोली, भो-२ म्हणजे भोकर.

संगमेश्वर काही अडाणी नव्हता. ती अक्षरं पुसायची नाहीत हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं प्रत्येक नळी अक्षरांपाशी डाव्या हाताच्या अंगठ्यानं जपून धरली आणि उजव्या हातानं खालचा भाग लख्ख पुसला. चोविसावी नळी जागेवर ठेवल्यावर त्यानं समाधानानं हात झटकले, आणि तेव्हा त्याला डावा अंगठा दिसला. बँकेत अंगठा उठवून आल्यासारखा काळाभोर. बोळा पिळताना तो हातही स्पिरिटनं ओला झाला होता. अक्षरं त्यानं पुसली नव्हती. नुसती धरली होती.

स्टँडमध्ये चोवीस नळ्या चमकत होत्या. कुणावरही कसलाही डाग नव्हता.

"या, या, सर," बाहेरून आप्पासाहेबांचा आवाज आला. "हा आमचा सूक्ष्मजीवशास्त्र विभाग."

कमिटीत तिघं होते. अध्यक्ष होते डॉ. हणमंतराव मुखेडकर, सत्तरी गाठलेले, स्वतः याच विषयातले निवृत्त प्राध्यापक. आधीचे चार विभाग त्यांनी जांभया देत पाहिले होते. इथं मात्र स्टँड दिसताच ते थेट त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले.

"अरे वा! जांभळे जंतू? आणि इतके?" त्यांनी एक नळी उचलली आणि उजेडात धरली. "कुठला हा?"

दामिनी मॅडमनी हसत नळी हातात घेतली. फिरवली. पुन्हा फिरवली. ठेवली. दुसरी उचलली, मग तिसरी. संगमेश्वरला त्यांचा चेहरा बाजूनं दिसत होता, आणि त्यावरचं हसू तसंच राहून त्यातला जीव तेवढा निघून जाताना दिसला. आप्पासाहेब मूळचे इतिहासाचे प्राध्यापक. ते काहीच न कळून प्रसन्न उभे होते.

"नाव नाही का यावर?" अध्यक्षांनी विचारलं.

संगमेश्वरचं तोंड त्याला न विचारता उघडलं.

"मॅडमनीच पुसायला लावलं, साहेब."

सगळे वळले. आता मागे फिरणं शक्य नव्हतं. "नाव आधी दिसलं की माणूस तपासत न्हाई, साहेब. नावालाच मार्क देऊन मोकळा व्हतो."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "हे कोण म्हणालं?"

"मॅडम."

खरं तर हे वाक्य त्याच्या बायकोचं, पार्वतम्माचं होतं. पुतणीला आलेल्या स्थळांचे बायोडाटे चाळताना ती ते रागानं बोलली होती. पण प्रयोगशाळेत ते फारच वजनदार वाटलं.

"उत्तम!" हणमंतराव म्हणाले. "चाळीस वर्षं मी पोरांना हेच सांगत आलो, एकानं ऐकलं नाही. रंगावर जाऊ नका, नावावर जाऊ नका, त्याचा स्वभाव बघा!" त्यांनी खिशातून पेन काढलं, कागदाच्या पट्ट्या मागवल्या, आणि स्वतःच्या हातानं एक ते चोवीस आकडे लिहून, कसलाही क्रम न पाळता, नळ्यांना चिकटवले. "पंधरा दिवसांत मला फोन करा. कोणता नंबर कुठला, तो कोणत्या गटातला, सगळं. मी वाट बघतो."

कमिटी गेली. आप्पासाहेब जाता जाता संगमेश्वरच्या पाठीवर थाप मारून गेले.

मॅडम स्टुलावर बसल्या. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. त्यामुळे संगमेश्वरला जास्त भीती वाटली.

"मामा, दोन वर्षं," त्या हळूच म्हणाल्या. "मे महिन्यात जीपच्या टपावर बसून गेले होते मी बिलोलीला."

"मॅडम, चूक माझी हाय. खुलासा लिवून देतो. सगळा जिम्मा माझा. नोकरी गेली तरी चालंल."

"तुमच्या नोकरीनं नळीवर नाव येणार आहे का?"

संगमेश्वर भिंतीला टेकून उभा राहिला. मॅडम उठल्या, कपाटातून हिरव्या पुठ्ठ्याचं रजिस्टर काढलं आणि त्याच्यापुढे उघडलं. डावीकडे नावं : कि-१, कि-२, कि-३. पुढे रकाने. चार अंशांत वाढतो का. सदतीस अंशांत वाढतो का. हवा बंद केली तर साखर आंबवतो का. दुधाचं प्रथिन फोडतो का. विष सोडतो का.

"रंग सगळ्यांचा एकच आहे, मामा. पण एकाला थंडी सोसत नाही, एकाला ऊन सोसत नाही. एकाला हवा लागते, दुसऱ्याचं हवेवाचून अडत नाही. सगळ्या चाचण्या पुन्हा करायच्या. ज्याचा स्वभाव ज्या ओळीशी जुळेल, ते त्याचं नाव."

"म्हंजी त्येंनाच इचारायचं, तुम्ही कोण म्हनून?"

"हो. आणि ते खोटं बोलत नाहीत."

हा शेवटचा टोमणा होता, तो संगमेश्वरनं मान खाली घालून घेतला.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. आजवर त्याचं काम दोनच टोकांना असे : सुरुवातीला नळ्या धुऊन देणं आणि शेवटी घाण झालेल्या नळ्या उकळून पुन्हा धुणं. मधे काय होतं हे त्यानं सव्वीस वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. बघायचं असतं हेही त्याला माहीत नव्हतं.

मॅडमनी तारेच्या कडीनं प्रत्येक जंतूची टोकभर साय उचलून नव्या नळ्यांत नेली. एक संच सदतीस अंशांच्या उबेत, एक संच फ्रिजात. दुसऱ्या दिवशी सकाळी उबेच्या पेटीचं दार त्यानंच उघडलं. चोवीसपैकी सोळा नळ्या जांभळ्या झाल्या होत्या. काल ज्या ठिकाणी काही नव्हतं, तिथं इरकली काठ उठले होते. उरलेल्या आठ कोऱ्या.

"हे आठ मेले व्हय?"

"नाही. त्यांना उकाडा सोसत नाही. फ्रिजातले बघा पाच-सहा दिवसांनी."

संगमेश्वरला ते पटलं नाही. फ्रिजात ठेवलेली कोथिंबीर वाढते का? तो रोज सकाळी, दुपारी आणि जाताना फ्रिज उघडून बघू लागला. मॅडम म्हणाल्या, सारखं दार उघडलं तर आतली थंडी जाते. मग तो दिवसातून एकदाच उघडे, पण आधी हात जोडे. सहाव्या दिवशी एका नळीत मोहरीएवढा ठिपका दिसला. संध्याकाळपर्यंत तीन नळ्यांत. सातव्या दिवशी त्या आठही नळ्या जांभळ्या होऊ लागल्या होत्या. बाहेर एप्रिलचं ऊन होतं, लातूरच्या रस्त्यावर डांबराला चप्पल चिकटत होती. आणि इथल्याच कुठल्यातरी विहिरीच्या तळातला हा जीव बर्फाच्या शेजारी बसून आरामात वाढत होता.

"मॅडम," तो फ्रिजपुढून न उठता म्हणाला, "आपल्याकडं चार अंश कधी पडतंय? मग हे कुनाच्या आशेवर जगून राहिलेत?"

मॅडमनी ते वाक्य रजिस्टरच्या समासात लिहून घेतलं.

साखरेची चाचणी सगळ्यांत नाटकी होती. हिरव्या पाण्याच्या जोडनळ्या. एक उघडी, दुसरीवर पॅराफिन तेलाचा थर, म्हणजे हवा बंद. जंतूनं साखर खाल्ली की हिरवं पाणी पिवळं होतं. काहींनी दोन्ही नळ्या पिवळ्या केल्या. काहींनी फक्त उघडी नळी पिवळी केली. तेलाखाली त्यांनी साखरेला तोंडसुद्धा लावलं नाही. आणि एक गोष्ट संगमेश्वरनंच आधी पाहिली. तेलाखाली वाढलेल्यांना रंगच नव्हता. पांढुरके, साधे.

"मॅडम, ह्येंचा जांभळा कुठं गेला?"

"तो रंग हवेवाचून बनत नाही, मामा."

"म्हंजी रंग अंगचा न्हाई?"

"रंग त्यांचाच, पण हवा मिळाली तर चढतो. म्हणून तर रंगावरून जात ठरवत नाहीत."

मग विषाची चाचणी आली. नळीच्या तोंडाशी पिवळा कागद लटकवला होता. काही जंतूंनी तो दोन दिवसांत विटकरी केला. इतका बारका जीव, आणि सायनाईड सोडतो, हे ऐकल्यावर संगमेश्वर त्या स्टँडच्या बाजूनं जरा वाकून, अदबीनं चालू लागला.

घरीही फरक पडला. जेवताना तो भाकरीचा तुकडा हातात धरून थांबे.

"अवो, काय झालं? भाजी खारट हाय का?" पार्वतम्मानं विचारलं.

"न्हाई. माजा स्वभाव कोन्त्या रकान्यात बसंल त्येचा इचार करून राहिलो."

"त्येला चाचनी कशाला? गरम जेवायला बोलवलं की येत न्हाई, गार झालं की वरडतो. लिवा की तुमच्या वहीत."

तेराव्या दिवशी दोघं रजिस्टर घेऊन बसले. मॅडम निकाल वाचायच्या, संगमेश्वर ओळीवर बोट ठेवायचा. चार नंबर, बि-७. अकरा नंबर, कि-३. जुळली की तो "बसली!" असं ओरडायचा. किल्लारीच्या तीन नळ्या सगळ्याच बाबतींत सारख्या निघाल्या. एकाच विहिरीतल्या त्या तिळ्या. त्यांतली कोण कि-४, कोण कि-५ आणि कोण कि-६ हे आता कधीच सांगता येणार नाही, असं मॅडमनी प्रामाणिकपणे लिहिलं. संध्याकाळपर्यंत तेवीस नळ्या आपापल्या घरी गेल्या. पंधरा उकाडेवाले, आठ थंडीवाले.

राहिली सतरा नंबरची नळी, आणि रजिस्टरात राहिली एकच ओळ : भो-२.

"मग ही भोकरची. बसली!" संगमेश्वर म्हणाला.

"बसली नाही," मॅडम म्हणाल्या. "भो-२ थंडीवाला आहे. ही सतरा नंबर दोन्हीकडे वाढते. उबेत लगेच, आणि फ्रिजातही, त्या आठांच्या मागून, उशिरा. असं होत नाही, मामा. दोन गट आहेत. एकतर हा, नाहीतर तो."

संगमेश्वरनं स्वतःचे हात बघितले. त्या दिवशी आपल्याच हातून नळीत काही गेलं असेल का? पण बुचाला त्यानं हात लावला नव्हता. मॅडमनी सतरा नंबर शुद्ध आहे का ते पुन्हा तपासलं, शुद्ध होती. मग संगमेश्वर चष्मा कपाळावर सरकवून रजिस्टरात अगदी नाक घालून बघू लागला.

"मॅडम, ह्या भो-२ च्या सदतीसच्या रकान्यात काय लिवलंय? दोन बारक्या रेघा हायत नुसत्या."

मॅडमनी पाहिलं. वरच्या ओळीत 'नाही'. त्याखाली 'वरीलप्रमाणे'च्या दोन रेघा. त्याखालीही.

त्या हळूहळू लाल झाल्या. "त्या दिवशी..." त्या म्हणाल्या, "त्या दिवशी मला नांदेडची पाचची बस गाठायची होती. आधीचे सगळे थंडीवाले उबेत वाढले नव्हते. म्हटलं, हाही नसेल वाढत."

"म्हंजी तपासलंच न्हाई?"

"नाही."

संगमेश्वरनं अत्यंत सभ्यपणे खिडकीबाहेर पाहिलं. दोन वर्षं ती रेघ तिथं होती, आणि पुढे पुस्तकात छापून गेली असती.

मॅडमनी सरळ हणमंतरावांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "सर, आधी एक सांगायचंय. नावं मुद्दाम पुसली नव्हती. चुकून गेली. आणि दुसरी चूक माझी आहे."

"पहिली मला त्याच दिवशी कळली होती," पलीकडून आवाज आला. "मुद्दाम पुसणाऱ्या माणसाला इतका घाम येत नाही. दुसरी सांगा."

त्यांनी सांगितली.

"दोन्हीकडे वाढतो?" हणमंतरावांचा आवाज बदलला होता. "बाई, मग इथं काय करता? तो जिथून आणला तिथं जा. एकटा आहे की त्याची भावकी आहे, बघा. उद्याच जा."

दोघं दुसऱ्याच दिवशी निघाले. संगमेश्वरनं निर्जंतुक बाटल्यांची पेटी मांडीवर घेतली आणि लातूर ते नांदेड एसटीत ती कुणाला टेकू दिली नाही. तिथून भोकरची जीप, आणि पुढे तीन किलोमीटर पायी. शेताच्या कडेला निवृत्तीरावांचं घर होतं. साठीचे गृहस्थ, डोक्याला रुमाल. त्यांनी मॅडमना लांबूनच ओळखलं.

"अरे, पाण्याच्या मॅडम! या, या. अगं नीलम्मा, पाव्हणे आले, पाणी आन!"

उन्हानं संगमेश्वरच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. पाणी इतकं गार होतं की त्यानं सलग दोन तांबे रिचवले. मॅडमनी स्वतःची पाण्याची बाटली काढली.

"काका, दोन वर्षांपूर्वी मी तुमच्या विहिरीचं पाणी नेलं होतं. त्यात एक फार मोठी गोष्ट सापडली. साऱ्या जिल्ह्यात असा जीव दुसरा नाही. मला पुन्हा ते पाणी हवंय."

निवृत्तीरावांनी बायकोकडे, नीलम्माकडे पाहिलं. नीलम्मानं पदर तोंडाला लावला.

"मोठी म्हंजी किती मोठी?" निवृत्तीरावांनी सावधपणे विचारलं.

"कदाचित नवीच जात असेल."

"मंग आता सांगाया पायजे." त्यांनी रुमाल काढला. "मॅडम, त्या साली मे मध्ये आमची हीर कोरडी ठाक होती. तुम्ही तर शहरातून एवढ्या उन्हात आलेल्या, हातात ती बाटली. रिकामी कशी धाडायची पाव्हणीला? तुम्ही झाडाखाली टेकल्या, मी बाटली घेऊन मागं गेलो, आन् घरातल्या माठातलं भरून आनलं."

मॅडमनी हातातली बाटली खाली ठेवली.

"कुठला माठ?" मॅडमनी विचारलं.

नीलम्मानं त्यांना घरामागच्या सावलीत नेलं. ओल्या वाळूच्या ओट्यावर एक जुना, मोठा, काळा माठ पाझरत बसला होता. भर दुपारी त्याच्या अंगावर दव होतं. रात्री गार, दिवसा तापलेली हवा, वर्षानुवर्षं. मॅडमनी झाकण काढून आत टॉर्च मारला. गळ्याच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या रेषेवर, इरकली काठासारखी एक जांभळी कड सगळीकडून फिरली होती.

संगमेश्वर गुडघ्यावर बसला. चोवीस नळ्यांत चमचाभर-चमचाभर पाहिलेलं ते इथं आपल्या मर्जीनं, कुणी न लावता, कुणी न मोजता वाढलं होतं. मग त्याला ते दोन तांबे आठवले, आणि त्यानं हळूच पोटावर हात ठेवला.

"मॅडम... मी आता..."

"काही होत नाही, मामा. होत असतं तर या दोघांना केव्हाच झालं असतं."

"आमच्या सासूच्या येळचा माठ हाय," नीलम्मा म्हणाली. "काय गार ऱ्हातं पाणी त्यात! ही जांभळी कड तेवढी जात न्हाई. आठवड्याला राखेनं घासून राहिले, दोन दिसांत पुन्हा हाजीर."

"घासू नका," मॅडम आणि संगमेश्वर एकदम म्हणाले.

मॅडमनी कापसाच्या काडीनं ती कड अलगद खरवडली, बाटलीत घेतली, दुसरीत घेतली, तिसरीत घेतली. संगमेश्वरनं बाटल्या धरल्या, या वेळी फक्त बुडाशी. मग मॅडमनी पेन काढलं.

"काकू, ही जात नवी निघाली तर जगभर सगळे विचारतील, कुठं सापडली म्हणून. मी तुमचं नाव लिहिते. नीलम्मांच्या माठात."

नीलम्माचा चेहरा पडला. "अगं माय! माझं नाव नगं!"

"का हो? केवढा मान आहे!"

"कसला मान? साऱ्या जगात व्हईल, नीलम्मा माठ घासत न्हाई म्हनून!"

"मग काय लिहू?"

नीलम्मानं कुंपणापलीकडे एकदा पाहून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"शेजारणीचं लिवा की. तिला लई हौस हाय पेपरात नाव यायची."